मेंढ्यांचे खूर कुजणे : कारण आणि उपाय

सांगोला-मंगळवेढ्याकडील कोरड्या माळावर हा रोग क्वचितच आठवतो. परतीच्या पावसात वाघुरीतली (मेंढ्या कोंडण्याच्या जाळीच्या कुंपणातली) जमीन चिखलाची झाली, की मात्र मेंढी गुडघे टेकून चरू लागते. खूर उचलून पाहावा. बेचक्यातील कातडी लाल व ओलसर, खुराचे कवच आतून सुटलेले आणि नाकाला झोंबणारा कुजका वास आढळला, तर निदान बहुधा हेच असते. तोंडात फोड व लाळ असल्यास लाळ्या-खुरकुताचा संशय धरून पशुवैद्यकास तातडीने कळवावे.

ओलाव्याने मऊ झालेल्या कातडीत प्रथम फ्युसोबॅक्टेरियम नेक्रोफोरम शिरतो, आणि मग डायकेलोबॅक्टर नोडोसस हा मुख्य जिवाणू कवच पोखरतो.

लंगडी मेंढी वेगळी करून कोरड्या जागी बांधावी. १० लिटर पाण्यात १ किलो झिंक सल्फेट विरघळवून त्यात खूर सुमारे १५ मिनिटे बुडवावेत. त्याऐवजी मोरचूद (कॉपर सल्फेट) वापरणे टाळलेलेच बरे, कारण तांब्याची विषबाधा मेंढीला लवकर होते. रक्त येईपर्यंत खूर तासण्याची सवय तर सोडूनच द्यावी. प्रतिजैविकाचे इंजेक्शन पशुवैद्यकाकडूनच घ्यावे. बाजारातून आणलेली मेंढी ३-४ आठवडे कळपापासून दूर ठेवावी.