मुक्त नकाशा-सॉफ्टवेअरच्या बातम्यांचं पान कसं उभारावं

तुमचा गट बडोद्याच्या रावपुरा-दांडिया बाजारातल्या पोळा, म्हणजे जुन्या वस्तीच्या गल्ल्या, ओपनस्ट्रीटमॅप या स्वयंसेवकांनी बनवलेल्या मुक्त नकाशावर भरत असेल किंवा क्यूजीआयएस या नकाशे बनवायच्या मुक्त सॉफ्टवेअरचे वर्ग घेत असेल, तर कधी ना कधी त्याची बातमी छापून येते. कात्रण मोबाइलवर फिरतं, चार दिवस कौतुक होतं आणि मग ते कुणालाच सापडत नाही. गटाच्या वेबसाइटवर अशा बातम्यांचं पान असलं, तर शाळेच्या मुख्याध्यापकांपासून महापालिकेतल्या अधिकाऱ्यांपर्यंत कुणालाही हे सॉफ्टवेअर कुठे कामी आलं ते स्वतः पडताळून पाहता येतं. पडताळता येणं हीच या पानाची किंमत आहे.

पहिलं काम निवडीचं. सॉफ्टवेअरबद्दलची बातमी वेगळी आणि त्यातून बनलेला नकाशा वापरणारी बातमी वेगळी. दोन्हींना स्वतंत्र जागा द्या. जानेवारी २०१० च्या हैती भूकंपात जगभरच्या स्वयंसेवकांनी ओपनस्ट्रीटमॅपवर रस्ते भरले, त्यावरचं वार्तांकन पहिल्या प्रकारातलं. दुसऱ्या प्रकारातली बातमी ओळखायला नजर लागते. विश्वामित्री नदीच्या पुराच्या बातमीत नकाशा छापलेला असेल तर त्याचा खालचा कोपरा बघा. ओपनस्ट्रीटमॅपची माहिती वापरणाऱ्याने श्रेय देणं परवान्यानुसार बंधनकारक आहे, त्यामुळे तिथे बारीक अक्षरांत नाव सापडू शकतं. नुसतं नाव ओझरतं आलेल्या बातम्या खुशाल वगळा.

दुसरं काम नोंदीचं, आणि इथे घाई करू नका. बडोद्यात १९१० साली सयाजीराव महाराजांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांची घडी बसवली. त्या शहरात नोंदीची शिस्त वेगळी शिकवायला नको. एका साध्या स्प्रेडशीटमध्ये वर्तमानपत्राचं नाव, आवृत्ती, तारीख, पान क्रमांक, मूळ मथळा, बातमीदाराचं नाव आणि लिंक असे रकाने करा. आवृत्ती आणि पुरवणी लिहायलाच हवी. गुजराती दैनिकाच्या शहर पुरवणीतली बातमी अहमदाबादच्या अंकात असेलच असं नाही, आणि शोधणारा माणूस भलत्याच अंकात डोकं घालून बसतो. मथळा ज्या भाषेत आणि लिपीत छापला तसाच उतरवा, शेजारी त्याचा मराठी अर्थ द्या.

जुन्या बातम्यांत नावं बदललेली दिसतील. गॅरी शर्मन यांनी २००२ साली सुरू केलेला क्यूजीआयएस प्रकल्प २०१३ पर्यंत ‘क्वांटम जीआयएस’ या नावाने ओळखला जायचा. मथळ्यात ते नाव असेल तर दुरुस्त करू नका. फक्त टॅगमध्ये ‘क्यूजीआयएस’ घाला, म्हणजे शोधताना दोन्ही नावांनी बातमी हाती लागेल. ओपनस्ट्रीटमॅपचंही तसंच. सप्टेंबर २०१२ पूर्वीच्या बातमीत त्याचा परवाना क्रिएटिव्ह कॉमन्स लिहिला असेल तर ती चूक नाही. सध्याचा ओडीबीएल, म्हणजे खुल्या माहितीसाठ्यांसाठीचा परवाना, त्यानंतर आला.

लिंक मिळाली की लगेच वेबपानांच्या प्रती साठवणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये ते पान जतन करा आणि मूळ लिंकशेजारी जतन केलेली लिंकही द्या. ई-पेपरच्या लिंका फार लवकर मरतात. छापील अंक मिळाला तर तो तारखेसह घरी फाइलला लावा.

आता हक्कांचा प्रश्न. अख्ख्या कात्रणाचा फोटो पानावर चढवण्याचा मोह होतोच, पण बातमीचा आणि तिच्यातल्या छायाचित्राचा हक्क आपला नसतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये टीका, समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन अशा कामांसाठी रास्त वापराची सवलत आहे. ती सवलत संपूर्ण बातमी पुन्हा छापण्यासाठी आहे असं धरून चालू नका. मथळा, आपल्या शब्दांत दोन-तीन ओळींचा मराठी सारांश आणि लिंक एवढं पुरतं. पूर्ण कात्रण हवंच असेल तर संपादकांना पत्र लिहा आणि लेखी होकार जपून ठेवा.

चित्राच्या जागी आपलाच नकाशा वापरा. वेबपानासाठी नकाशा बनवून देणाऱ्या यूमॅपवर किंवा लीफलेट हे प्रोग्रामिंगचं साधन वापरून प्रत्येक बातमीच्या जागी एक खूण ठेवली की पान एकदम जिवंत होतं. नकाशावरच्या जागा नोंदवणारी जिओजेसन फाइल हाताने लिहीत असाल तर आधी रेखांश, मग अक्षांश: बडोद्यासाठी ७३.२, २२.३. क्रम उलटला तर बडोद्यातल्या मांडवीची खूण नॉर्वेच्या उत्तरेच्या समुद्रात जाऊन पडते. आणि एक गोष्ट गांभीर्याने घ्या. भारताची सीमा सर्वे ऑफ इंडियाच्या नकाशाशी न जुळणारा नकाशा प्रसिद्ध करणं १९६१ च्या फौजदारी कायदा दुरुस्ती अधिनियमाखाली गुन्हा आहे आणि ओपनस्ट्रीटमॅपवरच्या सीमा तशा जुळत नाहीत. म्हणून नकाशाची हद्द शहरापुरती बांधा. यूमॅप आणि लीफलेट दोन्हींत तशी सोय आहे.

प्रतिकूल बातम्याही ठेवा, हे माझं ठाम मत आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये कुणीतरी ओपनस्ट्रीटमॅपवर न्यूयॉर्कचं नाव बदलून द्वेषपूर्ण शब्द घातला. स्वयंसेवकांनी तो काही तासांतच काढला, पण ती माहिती घेणाऱ्या मॅपबॉक्स या कंपनीच्या नकाशांतून तो महिनाअखेरीस स्नॅपचॅटसारख्या अ‍ॅपवर झळकला आणि जगभर बातम्या झाल्या. अशी बातमी पानावर ठेवून खाली काय घडलं, कुणी कधी सुधारलं हे लिहिलं, तर बाकीच्या कौतुकावरही वाचकाचा विश्वास बसतो. बातमीदाराची चूक झाली असेल, उदाहरणार्थ ओपनस्ट्रीटमॅपला ‘गूगल मॅप’ म्हटलं असेल, तर सारांशाखाली ‘आमची नोंद’ म्हणून एका ओळीत सांगा.

मांडणीत नवी बातमी वर, वर्षानुसार गट, भाषेनुसार चाळणी. वर्षातून दोनदा सगळ्या लिंका उघडून बघायचं काम एका माणसाच्या नावावर लावा.

पानाच्या तळाशी बातमीदारांसाठी एक छोटा चौकोन ठेवा. त्यात नावांचं अचूक लेखन, ‘© ओपनस्ट्रीटमॅपचे योगदानकर्ते’ ही श्रेयाची ओळ, छापण्याजोगे दोन-तीन नकाशे आणि गटाचा ईमेल द्या. संध्याकाळी बातमी लिहायला बसलेल्या माणसाला हे सगळं एका जागी मिळायला हवं.