स्काउट कॅम्प बाहेरच्यांना भाड्याने द्यायचाय? मग आधी एवढं उरकून घ्या

इथे अमेरिकेत ज्यांची मुलं स्काउट ट्रूपमध्ये (गावातल्या स्काउट मुलांच्या गटात) आहेत त्यांना हे माहीतच असेल, 2020 मध्ये बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका (आताचं नाव स्काउटिंग अमेरिका) या मुख्य संस्थेने दिवाळखोरी जाहीर केली, लैंगिक अत्याचाराच्या दाव्यांसाठी जवळपास 246 कोटी डॉलरची तडजोड झाली, त्यात लोकल कौन्सिलांना (त्या त्या भागातलं स्काउटिंग चालवणाऱ्या शाखांना) पण 50 कोटी डॉलरच्या वर भर घालावी लागली आणि काहींनी त्यासाठी चक्क कॅम्पच विकले. त्यामुळे जागा विकण्यापेक्षा भाड्याने देऊ हा विषय आता कमिटीत हमखास निघतो. द्या की, पण त्याआधी जागेचे जुने कागद काढा. बऱ्याच जमिनी कुणीतरी दान दिलेल्या असतात आणि फक्त मुलांसाठीच वापरायची अशी अट त्यात असू शकते. झोनिंगचंही, म्हणजे त्या जागेवर काय चालतं याच्या स्थानिक नियमांचं, तेव्हाच विचारून टाका.

मग कॅलेंडर. समर कॅम्पचे जून ते ऑगस्टमधले आठवडे लाल पेनाने बंद करायचे, कितीही पैसे मिळोत. ट्रूप्सना वीकेंड बुक करायला आधी संधी द्यायची, उरलेलं बाहेरच्यांना. उत्तरेकडे थंडी पडायच्या आत पाइपमधलं पाणी काढून टाकतात, म्हणजे हिवाळ्यात हीटिंग असलेल्या दोन-चार केबिनच भाड्याने जाणार, बजेट त्या हिशोबाने करा.

सगळ्यात महत्त्वाचं, मुलं आणि अनोळखी मोठी माणसं एका वेळी एका आवारात नकोत, आणि हा नियम आपली सोय बघून वाकवायचा नाही, कारण संस्था बुडायची वेळ आली ती मुळात मुलांच्या सुरक्षिततेतल्या निष्काळजीपणामुळेच. स्काउटच्या प्रत्येक कार्यक्रमाला 21 वर्षं पूर्ण झालेले दोन नोंदणीकृत लीडर लागतात, भाडेकरू काही कुणी तपासलेले नसतात. कॅम्प फारच मोठा असेल आणि दोन्ही एकदम ठेवायचेच असतील तर रस्ता वेगळा, बाथरूम वेगळं. जुनी शॉवर हाउसं एकदा आत जाऊन बघा, एकच लांब खोली, भिंतीला ओळीने नळ आणि आडोशाला बुरसटलेला पडदा, हे कुठलंही कुटुंब पैसे देऊन वापरणार नाही. आतून कडी लागणाऱ्या एकेकट्या शॉवरचा खर्च आधी धरा.

तळ्याचं काय ते ठरवा. लाइफगार्ड नसेल तर पाण्यात उतरायचं नाही, होड्या साखळीने बांधून ठेवायच्या, आणि हे अॅग्रीमेंटमध्ये लिहायचं, नुसता बोर्ड लावून भागत नाही. रायफल आणि तिरंदाजीच्या रेंजला कुलूप.

लग्नांची स्वप्नं बघणाऱ्यांसाठी, स्काउटच्या मालकीच्या जागेवर दारू चालत नाही, हा मुख्य संस्थेचाच नियम आहे. इथल्या लग्नांची बरीच बुकिंग तिथेच गळतात. त्यापेक्षा चर्चचे ग्रुप, शाळा, आपली मराठी मंडळं यांच्या मागे लागा, मंडळाच्या फॅमिली कॅम्पला डायनिंग हॉल आणि शेकोटी मिळाली की झालं. फक्त किचन त्यांना वापरू देणार का हे हेल्थ डिपार्टमेंटला विचारा, आणि सेप्टिक टँक किती माणसांचा आहे ते रेंजरला (कॅम्पची देखभाल करणाऱ्याला), तळणीचं तेल सिंकमध्ये ओतायचं नाही हे तर मराठीतूनच लिहून लावा 😄

पैशांचं म्हणाल तर, नुसत्या जागेच्या भाड्यावर ना-नफा संस्थेला सहसा फेडरल टॅक्स लागत नाही, पण जेवण, साफसफाई, इन्स्ट्रक्टर अशा सेवा जोडल्या की चित्र बदलतं. असं वेगळं उत्पन्न वर्षाला 1,000 डॉलर झालं की 990-टी हा टॅक्सचा फॉर्म भरावा लागतो. प्रॉपर्टी टॅक्सची सूट जाते का हे काउंटीप्रमाणे बदलतं, ते सीएला विचारा, कमिटीतल्या हुशार काकांना नको. प्रत्येक ग्रुपकडून इन्शुरन्स सर्टिफिकेट घ्यायचं, त्यावर कौन्सिलचं नाव हवं, आणि डिपॉझिट आल्याशिवाय तारीख अडवायची नाही.

रेंजर बहुतेक ठिकाणी एकटाच असतो आणि तिथेच राहतो. शनिवारी रात्री अकराला टॉयलेट तुंबलं की फोन त्यालाच जाणार, तेव्हा भाड्यातला काही हिस्सा त्याच्या ओव्हरटाइमला किंवा वीकेंडच्या मदतनीसाला बाजूला काढून मगच दर ठरवा.