रिकामी डबी बघून शाबासकी देऊ नका

एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) करून सोलापुरात एआरटी सेंटरवर, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथं, समुपदेशक म्हणून लागले, तेव्हा मला वाटायचं, गोळ्या मोजल्या की झालं. महिन्याच्या ३० गोळ्या. दोन चुकल्या की घेतलेल्या गोळ्यांचं प्रमाण ९५ टक्क्यांखाली. पूर्वभागातल्या विड्या वळणाऱ्या एक मावशी दर वेळी डबी रिकामी आणायच्या. मी कार्डावर १०० टक्के लिहायचे, वर कौतुकही करायचे. मग त्यांचा व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण) आला, हजाराच्या कितीतरी वर.

"औषध लागू पडेना वाटतं," असं मी त्यांच्या तोंडावर बोलून गेले. पुढच्या खेपेला त्यांनी हळूच सांगितलं, सून आल्यापासून घरात डबी काढता येत नाही. उरलेल्या गोळ्या सेंटरवर येताना वाटेत टाकून देते, तुम्ही रागवाल म्हणून.

तेव्हापासून मी "किती चुकल्या?" विचारत नाही. डबी कुठं ठेवता, घरात कुणाला माहीत आहे, हे विचारते. (आणि दार लावून विचारा. माहिती गुप्त ठेवणं २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं बंधनकारक आहे.)

लोड १०००च्या वर गेला म्हणून लगेच औषध बदलत नाहीत. तीन महिने नेटानं समुपदेशन, मग पुन्हा तपासणी. तरीही वरच राहिला तर तज्ज्ञांचं पॅनेल सेकंड लाइनचं, म्हणजे पुढच्या टप्प्याच्या औषधांचं, ठरवतं. गोळ्या अधूनमधून चुकल्या की रक्तातलं औषध कमी पडतं, विषाणू वाढतो आणि वाढताना बदलतो. लॅमिव्ह्युडिन किंवा जुनं इफाव्हिरेन्झ ही औषधं निकामी करायला विषाणूतला एकच बदल पुरतो. हल्लीच्या टीएलडीमधलं (तीन औषधांची एकच गोळी) डोल्युटेग्राव्हिर एवढ्या सहज हरत नाही. त्यामुळे टीएलडीवर लोड वाढला, तर आधी गोळी पोटात जाते का ते बघा. जात असेल तर सोबत काय जातं ते विचारा. उपाशीपोटी कॅल्शियम किंवा लोहाची गोळी सोबत घेतली तर डोल्युटेग्राव्हिर नीट शोषलं जात नाही. टीबीसाठी रिफाम्पिसिन चालू असेल तर ५० मिलिग्रॅम डोल्युटेग्राव्हिर दिवसातून दोनदा लागतं.

ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या औषधाचं दसऱ्याआधीच बघा. टोळी निघाली की फोन लागत नाहीत.

मावशींची डबी आता पलीकडच्या बोळात बहिणीकडं असते. कारखान्यात माल द्यायला निघाल्या की तिथं गोळी घेतात. तीन महिन्यांनी लोड हजाराखाली आला. आता कधी डबीत एखादी गोळी उरते. कोणत्या दिवशीची ते त्याच सांगतात, मी तसं लिहिते.