जुना मिनीकॉम्प्युटर आणलाय? या चुका टाळा, आणि आधी स्विचवरचा हात काढा

मला येणारे फोन एकाच वाक्याने सुरू होतात : "दादा, चालू केला आणि..." पुढचं मी न ऐकताच ओळखतो. आवाज, वास, नाहीतर दोन्ही. कुणी कारखान्याच्या लिलावातून पीडीपी-११ (डीईसी कंपनीचा मिनीकॉम्प्युटर) उचललेला असतो, कुणाला कॉलेजच्या माळ्यावर सापडलेला असतो. चाळीस-पंचेचाळीस वर्षांचं मशीन, त्यातली निम्मी गोदामात उंदरांच्या सोबतीने काढलेली. आणि आमचे वीर ते घरी आल्यावर चहा उकळायच्या आत त्याची पिन भिंतीत खुपसतात.

मीही खुपसली होती, म्हणून अधिकाराने बोलतो.

माझं मशीन पीडीपी-११/२३. पीडीपी-११ ही १६ बिटची मालिका १९७० मध्ये सुरू झाली, त्यातलं हे १९७९ चं मॉडेल. टेम्पोतून गोणपाटात गुंडाळून जळगावात आलं तेव्हा आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, दोन दिवसांवर होती. साडेतीन मुहूर्तांतला एक मुहूर्त, सोडायचा कसा? घरात माहेरवाशिणी आलेल्या, खापरावर मांडे चाललेले, आमरसाचं पातेलं भरलेलं. मशीनला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, स्विच दाबला. पंखे फिरले. भाचे टाळ्या वाजवतात न वाजवतात तोच आतून 'फट्ट' झालं, आणि लगेच दुसरं, पहिल्यापेक्षा मोठं. वरच्या जाळीतून चांदीच्या वर्खासारखे कपटे उडाले, सडक्या मासळीसारखा वास सुटला. आई आतून ओरडली, "फटाका कोनी लावला रे?"

झालं होतं इतकंच की मागचा व्होल्टेज सिलेक्टर ११५ वर होता. मशीन मुळात अमेरिकेतून आलेलं, आपल्या भिंतीत २३०. अशा मशीनच्या स्विचिंग सप्लायमध्ये, म्हणजे भिंतीतली वीज चिपांना लागणाऱ्या डीसीत बदलणाऱ्या भागात, सिलेक्टर ११५ वर ठेवला की आत व्होल्टेज दुप्पट करणारी जोडणी होते. दोन मोठे कपॅसिटर एकापुढे एक असतात, प्रत्येकावर साधारण १६० व्होल्ट डीसी. त्याच जोडणीला २३० दिलं की प्रत्येकावर सव्वातीनशे. कपॅसिटर २०० नाहीतर २५० व्होल्टचे. बिचारे फुटणार नाहीत तर काय करतील? मुहूर्ताऐवजी बॅटरी लावून मागची पट्टी वाचली असती तर पुढचे चार महिने वाचले असते.

आता माझी सवय सांगतो. शास्त्र म्हणून घेऊ नका, पण तेव्हापासून माझ्याकडे एकही सप्लाय फुटलेला नाही. पहिल्या दिवशी मशीनला वीज द्यायचीच नाही. फोटो काढायचे, प्रत्येक कार्ड कुठल्या खाचेत होतं ते वहीत लिहायचं, मग सगळी कार्डं बाहेर. सप्लाय बॅकप्लेनपासून, म्हणजे कार्डं ज्या खाचांच्या बोर्डात बसतात त्यापासून, वेगळा. सिलेक्टर डोळ्यांनी बघायचा आणि मीटरने तपासायचा. मेन्स फिल्टरमधले पिवळट पारदर्शक कवचाचे कागदी कपॅसिटर दिसले, की तडा असो वा नसो, काढून एक्स-२ प्रतीचे (मेन्सवर लावायला बनवलेले) नवे. ते जुने आज नाही तर पुढच्या महिन्यात धूर देतातच. मोठे इलेक्ट्रोलिटिक बाहेर काढून, मध्ये रेझिस्टर घालून, बेंच सप्लायवर हळूहळू व्होल्टेज चढवत ताजे करायचे. गळती करंट उतरला नाही तर तो कपॅसिटर भंगारात.

मग पहिली वीज सिरीज लॅम्पमधून, म्हणजे मशीनच्या वाटेत बल्ब घालून. टीव्ही दुरुस्त करणाऱ्या प्रत्येकाकडे हा बोर्ड असतो, १०० वॉटचा जुना तारेचा बल्ब लावलेला. क्षणभर भगभगून मंद झाला तर पुढे जा, तसाच पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे. ५ व्होल्टच्या आउटपुटवर गाडीच्या हेडलाइटचा बल्ब लोड म्हणून लावतो, कारण लोडशिवाय असे सप्लाय खोटं बोलतात. मीटरवर ४.७५ ते ५.२५ च्या आत असेल तरच कार्डांचा विचार. ७४ मालिकेच्या चिपांना ७ व्होल्टपलीकडे सहन होत नाही. आणि ज्यांनी मेन्सची बाजू आयुष्यात उघडली नाही, त्यांनी ती एकट्याने उघडू नये. वायर काढल्यानंतरही त्या कपॅसिटरांत तीनशे व्होल्ट बसून असतात.

डिमरस्टॅटने (व्होल्टेज कमीजास्त करणाऱ्या फिरत्या ट्रान्सफॉर्मरने) ० पासून हळूहळू चढवा, असं सांगणारे पुष्कळ भेटतील. ट्रान्सफॉर्मरच्या साध्या सप्लायला ते ठीक. स्विचिंग सप्लाय कमी व्होल्टेजवर जास्त करंट ओढतो, त्याला अर्ध्यावर लटकावून ठेवणं म्हणजे छळ.

दुसरी चूक जास्त चीड आणणारी, कारण तिच्यात धूर नाही की वास नाही. मशीन निम्मं चालतं, आणि माणूस महिनाभर भलत्याच ठिकाणी खणत बसतो.

माझ्या पेटीत चार ओळींचा बॅकप्लेन आहे, प्रत्येक ओळीत ए ते डी अशा चार खाचा. दोन खाचांची कार्डं डावीकडे ए-बी मध्ये बसतात, नाहीतर उजवीकडे सी-डी मध्ये. मी पहिल्या ओळीत डावीकडे प्रोसेसर, उजवीकडे मेमरी लावली. दुसऱ्या ओळीत डावीकडे सिरीयल कार्ड, उजवी बाजू रिकामी. तिसऱ्या ओळीत आरएल-०२ डिस्कचं चार खाचांचं कंट्रोलर कार्ड. दिसायला छान, शिस्तीत. कन्सोलवर ओडीटीचं, म्हणजे मेमरी हाताने वाचायला-लिहायला प्रोसेसरमध्येच असलेल्या सोयीचं, @ चिन्ह आलं. मेमरीत आकडे लिहिले, वाचले, बरोबर. १७४४०० हा कंट्रोलरचा पत्ता तपासला तर ०००२०१ : कंट्रोलर तयार, ड्राइव्ह तयार. बूटचा छोटा प्रोग्राम ऑक्टलमध्ये हाताने भरला, चालवला, की सगळं ठप्प. तीन आठवडे मी ड्राइव्हलाच शिव्या देत होतो. केबल बदलली, दोन चिपा उगाच काढल्या.

शेवटी भुसावळच्या आप्पांना फोन केला. आप्पा रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त, हयात रिले आणि इंटरलॉकिंगमध्ये गेलेली. त्यांनी ड्राइव्हबद्दल अवाक्षर विचारलं नाही.

"कार्डं कोन्त्या खाचीत आहेत ते वाच."

मी वहीतून वाचलं.

"दुसऱ्या ओळीत उजवीकडे काय आहे?"

"काही नाही, आप्पा."

"मग टोकन पुढं कसं जाईन भो?"

क्यू-बसवर, म्हणजे या बॅकप्लेनमधल्या कार्डांना जोडणाऱ्या तारांवर, पत्ते आणि डेटा सगळ्या कार्डांना एकदम मिळतात, म्हणून मेमरी आणि ओडीटी चालत होते. पण इंटरप्टची (प्रोसेसरला मध्येच थांबवून लक्ष वेधण्याची) आणि डीएमएची (कार्डाने थेट मेमरीत लिहिण्या-वाचण्याची) परवानगी एका कार्डातून दुसऱ्या कार्डात, हातोहात जाते. मध्ये खाच रिकामी राहिली की साखळी तिथेच तुटते. शिवाय या बॅकप्लेनमध्ये ती नागमोडी फिरते : पहिल्या ओळीत डावीकडून उजवीकडे, दुसरीत उजवीकडून डावीकडे, तिसरीत पुन्हा उलट. माझी परवानगी दुसऱ्या ओळीच्या उजव्या रिकाम्या खाचेत मरत होती, आणि कंट्रोलर तिची वाट बघत उभा होता. एकेरी रुळावर टोकनशिवाय गाडी सुटत नाही, तसंच.

उपाय दीड मिनिटाचा. कंट्रोलर दुसऱ्या ओळीत, म्हणजे ती अख्खी भरली, आणि सिरीयल कार्ड तिसऱ्या ओळीत डावीकडे. बूट झालं. आप्पांना कळवलं तर म्हणाले, "बरं," आणि फोन ठेवला.

खाच भरायला कार्ड नसेल तर ग्रँट कार्ड लागतं, फक्त परवानगी पुढे नेणारं. युनिबस या दुसऱ्या बसवरच्या पीडीपी-११ मशीनमध्येही तोच नियम, तिथे ग्रँट कार्ड उलटं बसवण्याची जादा सोय आहे.

बाकीच्या चुका थोडक्यात, कारण त्या सांगून कंटाळलो.

कार्डाच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने घासू नका. पॉलिश पेपरने घासणाऱ्याशी मी बोलत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सोडणारं कापड, बस. कापसाच्या जिल्ह्यात राहून सांगतो, कापूस वापरू नका. त्याचा एक तंतू आरएल-०२ च्या हेडखाली गेला की झालं. ती तबकडी मिनिटाला २४०० फेरे घेते.

पेटीतला आणि कॅबिनेटमधला जुना फोम बोटाने दाबून बघा. काळा चिकट भुगा होत असेल तर आधी तो खरवडा, मगच पंखा लावा. नाहीतर पंखा तो भुगा थेट डिस्कमध्ये ढकलतो.

आरएल-०२ चं वजन ३४ किलोच्या आसपास. एकट्याने उचलून दाखवणाऱ्या एका पुतण्याची कंबर अजून धरलेली आहे.

अर्थिंग. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थपिट कोरडं पडतं, आणि स्वतःच्या अंगावर आलेला चटका माणूस कॉम्प्युटरच्या माथी मारतो. मार्चपासून जूनपर्यंत मी पिटात रोज बादलीभर पाणी टाकतो. बायकोच्या मते तुळशीपेक्षा त्याची सेवा जास्त होते.

जळगावात आणखी एक धोका आहे, सोन्याचा. सराफ बाजारातली धूळ धुणारे झारेकरी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि जुन्या कार्डांच्या पट्ट्यांवर सोन्याचा मुलामा असतो हे भंगारवाल्यालाही कळून चुकलंय. किलोच्या भावाने बोर्ड विकून टाकले आणि महिन्याने "कुठे मिळेल का हो?" विचारत आले, असे तिघे मला माहीत आहेत. पट्ट्या कापलेलं कार्ड परत येत नाही. बिघडलेलं येतं. विकायचंच असेल तर आधी आम्हाला विचारा, निदान चिपा तरी वाचतील.

आणि मदत मागताना "चालत नाही" एवढंच सांगू नका. ५ व्होल्टवर किती आले, @ दिसतं का, कुठल्या खाचेत कुठलं कार्ड आहे, हे लिहून मग फोन करा. मे महिन्यात दुपारी बारा ते पाच करूच नका. पारा ४५ ला टेकलेला असतो, त्या वेळात मी डिस्क फिरवत नाही, दुसऱ्याला फिरवायलाही सांगत नाही. रात्री नऊनंतर गच्चीवर असतो.