गेंटचा ग्रासलेई पाहायचा तर दुपारनंतर

ब्रसेल्सहून बेल्जियममधल्याच गेंट शहराला रेल्वेने अर्धा-पाऊण तास लागतो. स्टेशन जुन्या गावाबाहेर आहे, त्यामुळे पुढे ट्रामने कोरेनमार्क्ट हा मधला चौक गाठा. लेइये नदीकाठचं जुनं बंदर, ग्रासलेई, तिथून दोन मिनिटांवर. त्याच्या इमारतींची तोंडं पश्चिमेला आहेत, म्हणून सकाळी फोटो काळवंडतात. दुपारनंतर समोरच्या काठावरून, म्हणजे कोरेनलेईवरून काढा. साधारण १२०० सालचं, पायऱ्यापायऱ्यांच्या माथ्याचं दगडी धान्यकोठार आणि त्याला खेटून उभं १६८२चं चिंचोळं जकातघर नक्की शोधा. बाकी बऱ्याच दर्शनी भिंती १९१३च्या जागतिक प्रदर्शनासाठी डागडुजी करून सजवलेल्या, तेव्हा सगळंच मध्ययुगीन समजू नका. सेंट मायकेल पुलावरून सेंट निकोलस चर्च, घंटाघर आणि सेंट बावो कॅथेड्रल यांचे तिन्ही मनोरे एका रांगेत दिसतात. रस्ता दगडी फरसाचा. चाकांची बॅग स्टेशनवरच ठेवलेली बरी.