कॉस्टिकचं पाणी दुधाळ व्हायचं, ते असं थांबलं

साबण करायला बोअरच्या क्षारयुक्त पाण्यात कॉस्टिक सोडा (तेलाचा साबण बनवणारं दाहक रसायन) विरघळवला की पाणी दुधाळ व्हायचं आणि साबणाच्या वडीत पांढरे कण दिसायचे. तुरटी फिरवली, गाळलं, उकळलं. उकळून थोडा क्षार भांड्याला बसला, बाकीचा पाण्यातच. चार घाणे वाया गेल्यावर अगदी रडकुंडीला आले.

शेवटी वाफेचं पाणी धरलं, म्हणजे क्षार पातेल्यातच मागे राहतात. स्टीलच्या मोठ्या पातेल्यात 2 लिटर पाणी, मधोमध तिवईवर रिकामा वाडगा, वर उलटं झाकण, झाकणावर बर्फ. मंद आच. वाडग्यात 250 मिली जमल्यावर ते पूर्ण गार केलं, हातमोजे नि चष्मा घालून त्यात 100 ग्रॅम कॉस्टिक थोडं थोडं सोडलं (कॉस्टिकवर पाणी कधीच ओतू नका). क्षणभर धूसर, मग काचेसारखं नितळ!