लिनक्ससाठी डिस्क बर्नर घेताय? आधी वीज कुठून मिळणार ते बघा

खोक्यावर फक्त विंडोज आणि मॅकचं नाव दिसलं की लिनक्स वापरणारे बर्नर घ्यायला कचरतात. कचरू नका. सीडी, डीव्हीडी, ब्लू-रे असे सगळे ड्राइव्ह एमएमसी या एकाच ठरलेल्या आज्ञासंचावर चालतात आणि लिनक्सच्या कर्नलला (त्याच्या गाभ्याला) तो केव्हापासून येतो. ‘लिनक्सला चालणारे ड्राइव्ह’ म्हणून ज्या याद्या फिरतात, त्या वाचण्यात वेळ घालवू नका.

क्षमता ठरवणं सोपं आहे: डीव्हीडीवर ४.७ जीबी, दुहेरी थराच्या डीव्हीडीवर ८.५, ब्लू-रेवर २५ किंवा ५०. १०० जीबीच्या डिस्क वापरायच्या असतील तर ड्राइव्हवर बीडीएक्सएल (जास्त थरांच्या ब्लू-रेची खूण) लिहिलेलं हवं. ‘ब्लू-रे कॉम्बो’ मात्र टाळा. तो ब्लू-रे वाचतो, लिहीत नाही.

कॅबिनेटमध्ये सव्वापाच इंची खण मोकळा असेल तर सरळ साटा ड्राइव्ह (आत बसणारा, कॉम्प्युटरच्याच पॉवर सप्लायवर चालणारा) घ्या.

खरी डोकेदुखी यूएसबीवर चालणाऱ्या पातळ ड्राइव्हची, आणि माझेही सगळ्यात जास्त हाल तिथेच झाले. यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलीअँपिअर देतो, यूएसबी ३ चा ९००. डिस्क वाचायला तेवढं पुरतं. लिहिताना लेझरला जास्त ताकद लागते, मोटरही जोरात फिरते, आणि मागणी याच्या वर जाऊ शकते. ब्लू-रेला तर ही शक्यता जास्तच. मग होतं असं की वाचन झकास चालतं, लिखाण मध्येच तुटतं. ड्राइव्ह टक् करून थांबतो, कर्नलच्या लॉगमध्ये ‘यूएसबी डिस्कनेक्ट’ किंवा ‘रीसेट’ची ओळ येते आणि डिस्क वाया जाते. यावर लोक सांगतात, ब्रासेरो काढून के-थ्री-बी टाका (दोन्ही डिस्क लिहिण्याचे प्रोग्राम), नाहीतर डिस्ट्रोच, म्हणजे लिनक्सची आवृत्तीच बदला. अजिबात ऐकू नका. वीज कमी पडतेय, प्रोग्राम काय करणार?

म्हणून वेगळ्या अ‍ॅडॉप्टरसाठी भोक असलेला ड्राइव्हच घ्या. तसा मिळत नसेल तर स्वतःची वीज असलेला यूएसबी हब लावा. केबल आखूड ठेवा आणि डेस्कटॉपला पुढच्या नव्हे, मागच्या पोर्टमध्ये खोचा. जुन्या लॅपटॉपमधला ड्राइव्ह बाहेरच्या यूएसबी केसमध्ये घालून वापरणार असाल तर केस ऑप्टिकल ड्राइव्हसाठीच बनवलेली आहे ना, हे विचारून घ्या. हार्ड डिस्कसाठीचे बरेच साटा-यूएसबी जोड ऑप्टिकल ड्राइव्हच्या आज्ञा पुढे पोचवतच नाहीत.

परत करण्याची मुदत संपायच्या आत चाचणी घ्या. पुन्हा लिहिता येणारी डिस्क घ्या, ब्लू-रे बर्नर असेल तर बीडी-आरई, आणि ती काठोकाठ भरा. चार फायली लिहून ‘चालतंय’ म्हणणं ही चाचणी नव्हे. लिहून झाल्यावर डिस्क बाहेर काढा, पुन्हा आत घाला आणि मगच चेकसम (डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळवा. नाहीतर मेमरीत राहिलेला डेटाच वाचला जाऊ शकतो. ट्रॅक-अ‍ॅट-वन्स पद्धतीने (एकेक ट्रॅक वेगळा) लिहिलेल्या सीडीच्या अगदी शेवटी वाचनात त्रुटी आली तर ड्राइव्ह परत पाठवू नका. त्या जागी डेटा नसतोच, कर्नल उगाच पुढचं वाचायला जातो. लिहिताना शेवटी पॅडिंग (रिकामी भर) द्या, त्रास थांबेल.

बीडी-आर (एकदाच लिहिता येणारी ब्लू-रे) डिस्क निम्म्याच वेगाने लिहिली जात असेल तर तोही ड्राइव्हचा दोष असेलच असं नाही. ग्रो-आयएसओ-एफएस हे डिस्क लिहिण्याचं साधन अशी डिस्क आधी फॉरमॅट करतं, त्यामुळे लिहिलेलं लगेच तपासणं सुरू होतं आणि वेळ दुप्पट लागतो. झोरिसो हा दुसरा प्रोग्राम आपणहून तसं करत नाही. मी बीडी-आरसाठी तोच वापरतो.